यादीतलं पहिलं नाव

प्रभा : तितंच बसा गुरुजी, ओट्यावर. आत या म्हणायला जीभ वळंना माझी. पाणी तेवढं देते. दारात आलेल्याला पाणी न्हाई म्हणायची रीत न्हाई आमच्यात, म्हणून.

हिंदुराव : पाणी नको प्रभाबाई. तुम्ही चार शब्द बोललात, तेवढं पुष्कळ झालं. गेल्या आठवड्यात दोनदा येऊन गेलो. दोन्ही वेळेला दार लावलेलं होतं.

प्रभा : तुमाला लांबनं बघून मीच लावलं ते.

हिंदुराव : तेही कळलं मला. गोपाळ घरात नाही का?

प्रभा : रानात. दिस उगवायच्या आत जात्यात. पंधरा दिस झालं, पारावर टेकले न्हाईत की मल्लप्पाच्या हाटेलात चहा प्याले न्हाईत. ज्वारीची काढणी एकट्यानं चाललीया. चार बाया बोलवा म्हनलं, तर म्हणत्यात, बाया आल्या की इचारणार, श्रावणीचं काय झालं. त्यापरीस कंबर मोडलेली बरी.

हिंदुराव : माझ्यामुळं झालं हे सगळं.

प्रभा : मग काय माझ्यामुळं? सुपारी फुटली होती गुरुजी! बस्ता बांधायला सोलापूरला कवा जायचं, ते ठरवायला पोराचा मामा आला होता त्या दिवशी. आदी मल्लप्पाकडं चहाला थांबला. कप हातात, आन् देवळाच्या भोंग्यातनं तुमचा आवाज. ‘साखरेच्या खालील रुग्णांनी ताबडतोब तपासणीला यावं.’ आन् मग एकेक नाव. बापाच्या नावासकट, आडनावासकट. श्रावणी गोपाळ गरड. मामानं कप तसाच ठिवला. आमच्या घराकडं फिरकला बी न्हाई. तितनंच गाडीला किक मारली.

हिंदुराव : मी त्यासाठीच आलोय. मुलाच्या घरी जातो मी. चाळीस वर्षं शाळेत काढलेला माणूस आहे, माझ्या शब्दाला काही किंमत असेल अजून. सांगतो त्यांना, की नावाची गफलत झाली. ती श्रावणी वेगळी, ही वेगळी. वाचणाऱ्याची चूक. वाटल्यास पाया पडतो त्यांच्या.

प्रभा : असं म्हणाल तुमी?

हिंदुराव : म्हणेन.

प्रभा : त्यांच्या तोंडावर? मामाच्या म्होरं?

हिंदुराव : सगळ्यांसमोर म्हणेन.

प्रभा : मग... मग आजच जावा की. आईतवार हाय, सगळी घरात गावत्याल. मी तुमाला पत्ता...

श्रावणी : काय म्हणणार आहेत गुरुजी, आई?

प्रभा : तू कवा आलीस?

श्रावणी : आत्ताच. वैरागच्या लॅबमध्ये रविवारी अर्धाच दिवस काम असतं, विसरलीस होय? सांगा ना गुरुजी. वेगळी श्रावणी कोण? शाळेत तुम्हीच हजेरी घ्यायचात. गरडांच्या घरात किती श्रावण्या होत्या?

हिंदुराव : बाळ, माझ्या तोंडून जे बिघडलं ते माझ्याच तोंडानं जुळतंय का, एवढंच बघतोय.

श्रावणी : आशिषला माहीत होतं.

प्रभा : काय म्हनलीस?

श्रावणी : पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. बघायला आले तेव्हा तुम्ही आम्हाला मागच्या अंगणात पाच मिनिटं बोलायला पाठवलंत ना, त्या पाच मिनिटांत. म्हटलं, मला अकराव्या वर्षापासून टाइप वन आहे. माझ्या अंगात इन्सुलिन तयार होत नाही, ते मला रोज टोचून घ्यावं लागतं आणि जन्मभर घ्यावं लागणार. चालत असेल तर हो म्हण.

प्रभा : आगं माझे आई! मला एका शब्दानं...

श्रावणी : तुला सांगितलं असतं तर तू मला अंगणात जाऊ दिलं नसतंस.

हिंदुराव : मग तो काय म्हणाला?

श्रावणी : म्हणाला, मला अडचण नाही, घरी माझ्या पद्धतीनं सांगतो, थोडा वेळ दे. चिंचोळी एमआयडीसीत कामाला तो. दर सुट्टीला गावी जायचा आणि दर सुट्टीला सांगायचं राहून जायचं. चार महिने झाले. मी त्याला शेवटचं सांगितलं होतं, बस्त्याच्या आधी सांगितलं नाहीस तर मी मोडेन. सांगायचं त्याच्या हातात होतं आणि मोडायचं माझ्या हातात होतं. दोन्ही तुम्ही भोंग्यातनं काढून घेतलंत, गुरुजी.

हिंदुराव : खरंय.

श्रावणी : का वाचलीत नावं?

हिंदुराव : शिबिराला सोलापूरहून डॉक्टर आले होते. एक डोळ्यांचे, एक पायांचे. चार महिने मागं लागून त्यांची तारीख मिळवली होती मी. देवळात सतरंज्या टाकल्या, बिरप्पा पुजाऱ्यानं गाभारा सोडून सगळी जागा मोकळी करून दिली. साडेअकरा वाजले तरी फक्त सहा माणसं. पायांचे डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, ‘गुरुजी, तुमची साखर समिती कागदावरच आहे वाटतं.’ मला फार लागलं ते. समोर आशा सेविकेची, महेश्वरीची फाइल उघडी होती, यादी वरच होती. भोंग्याचा माइक हाताशी होता. पुढचं मी विचार करून केलं नाही.

प्रभा : पर आमच्या पोरीला तुमच्या शिबिराची गरजच न्हवती. तिचा डागतर सोलापुरात हाय, ती तिची तिची जाती. तिचं नाव त्या यादीत घातलंच कुनी?

श्रावणी : मीच. मागच्या वर्षी महेश्वरीताई म्हणाल्या, गावात किती जण आहेत ते कळलं तर तपासणीच्या पट्ट्या जास्त मिळतील. नाव फाइलमधून बाहेर जाणार नाही, असं म्हणाल्या. त्यांनी शब्द पाळला. आशा सेविकेला जे कळतं, ते समितीच्या अध्यक्षांना कळलं नाही.

हिंदुराव : आता तिला कुणी दारात उभं करत नाही. मशीन घेऊन फिरते बिचारी, बोट कुणी पुढं करत नाही. म्हाताऱ्या ईरम्मानं तोंडावर सांगितलं तिला, ‘आज रगत नेशील, उद्या भोंग्यावर वाचशील.’ बचत गटाच्या बाया पहाटे चालायला जायच्या, त्या बंद झाल्या. चाललं की लोक ओळखतात म्हणे, हिला साखर. मल्लप्पा बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवायचा, आता त्या किटलीतला चहा कुणी मागत नाही. साखरेनं गावातल्या कोंडीबाचा पाय गुडघ्यापासून गेला आणि वर्षात तोही गेला, तेव्हा सुरू केलं होतं आपण हे. तीन वर्षं दारोदार फिरून जमवलेली माणसं मी दहा मिनिटांत पांगवली.

श्रावणी : यादीत किती नावं होती?

हिंदुराव : एक्केचाळीस.

श्रावणी : वाचलीत किती ते नाही विचारलं. यादीत किती होती?

प्रभा : म्हंजी? आगं, जेवढी होती तेवढी वाचली असत्याल. गुरुजी, बोला की.

हिंदुराव : बेचाळीस.

प्रभा : मग एक कोण ऱ्हायलं? सरपंच? त्यांच्या घरातलं कुणी? श्रावणे, तुला ठावं हाय का?

श्रावणी : मला माहितीये. पण मी नाही सांगणार. दोन वर्षं नाही सांगितलं, आजही नाही सांगणार. ज्याचं त्यानं सांगायचं असतं ते.

हिंदुराव : माझं, प्रभाबाई. माझंच नाव राहिलं. राहिलं कसलं, मी ठेवलं.

प्रभा : तुमाला साखर हाय?

हिंदुराव : पाच वर्षं झाली. समिती सुरू करताना महेश्वरीनं नवीन मशीन आणलं तेव्हा ते चालतं का बघायला पहिलं बोट माझंच टोचलं. म्हणून यादीत पहिलं नाव माझं. त्या दिवशी माइक हातात घेतला, बोट पहिल्या नावावर ठेवलं, आणि वाचायला सुरुवात केली ती दुसऱ्यापासून. बोट आपोआप खाली सरकलं. मला वाटलं, कुणाला कळणार आहे?

प्रभा : आन् माझ्या पोरीचं नाव वाचताना न्हाई सरकलं व्हय?

हिंदुराव : नाही सरकलं.

प्रभा : आरं देवा.

हिंदुराव : हिला माहीत होतं, ते मी वाचताना विसरलो नव्हतो. दोन वर्षांपूर्वी सोलापुरात दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसलो होतो, तोंडापुढं पेपर धरून. ही समोर येऊन बसली. हळूच म्हणाली, ‘गुरुजी, पेपर उलटा धरलाय.’ मी हात जोडले हिच्यापुढं. म्हटलं, बाळ, गावात बोलू नकोस, समितीचा अध्यक्षच आजारी म्हटल्यावर लोक हसतील. ही म्हणाली, ‘मी कुणाचं सांगत नसते, गुरुजी.’ आणि खरंच नाही सांगितलं. आईलासुद्धा नाही.

श्रावणी : समितीचं निमित्त सांगू नका. लोक हसतील म्हणून नव्हता घाबरत तुम्ही. गेल्या पंधरा ऑगस्टला शाळेत काय बोलला होतात, आठवतंय?

हिंदुराव : आठवतंय.

श्रावणी : बोला ना.

हिंदुराव : बोललो होतो... की साखर म्हणजे जिभेची हाव. ज्याला तोंडावर ताबा नाही, त्याला ही शिक्षा.

श्रावणी : मी मागच्या रांगेत होते. मी अकरा वर्षांची असताना मला झालं हे. रात्रंदिवस तहान, पंधरा दिवसांत हाडांचा सापळा झाले, सोलापूरला नेईपर्यंत शुद्ध गेली होती. मला कसली हाव होती, गुरुजी? अकरा वर्षांच्या पोरीला कसली शिक्षा? आणि ईरम्माआजीला कसली? सत्तर वर्षं भाकरी-पिठलं खाऊन जगलेली बाई ती.

हिंदुराव : लोक घाबरतील, सुधारतील असं वाटायचं बोलताना. आणि खरं सांगू का? तसं बोललं की आपण त्यांतले नाही असं वाटायचं. तेवढ्यापुरतं.

प्रभा : बसा, बसा. उठू नका असं गपकन. झोक गेला तुमचा.

हिंदुराव : निघतो मी. आलो ते पाप धुवायला आणि आणखी एक खोटं बोलायला निघालो होतो.

श्रावणी : थांबा. तुम्ही कायम चपलेवर असता. आज बूट-मोजे कसे?

हिंदुराव : असेच. शिबिरासाठी नवीन घेतले होते.

श्रावणी : ऊन मी म्हणतंय आणि मोजे? काढा बूट.

हिंदुराव : काही नाही गं, थोडं घासलंय. दुखत पण नाही.

श्रावणी : साखरेनं पाय बधिर होतात, दुखत नाही म्हणूनच काढा म्हणते. गुरुजी, वास येतोय मला. काढा.

प्रभा : आगं, मोठ्या माणसाला असं... अय्यो! श्रावणे, ही बोटं काळी पडल्यात की गं! मोज्याला चिकटलंय समदं!

श्रावणी : ओढू नका. राहू दे तसंच. कधीपासून आहे?

हिंदुराव : शिबिराच्या दिवसापासून. नवा बूट करंगळीला लागत होता, ते मला कळलंच नाही. संध्याकाळी मोजा ओला दिसला.

श्रावणी : शिबिराच्या दिवसापासून! पायांचे डॉक्टर तुमच्यापासून दहा पावलांवर बसले होते.

हिंदुराव : त्यांना पाय दाखवायचा तर आधी साखर आहे असं सांगावं लागलं असतं. सगळं गाव बघत होतं.

प्रभा : हळद आणू का? हळद भरली की...

श्रावणी : हळद नको, काही नको. धुतलेलं फडकं दे मऊ, वरनं सैल गुंडाळते. गुरुजी, आता या पायावर चालायचं नाही. आणि उद्या-परवा नाही, आजच सोलापूर. घरात कुणाला माहितीये?

हिंदुराव : कुणाला नाही. बायको गेल्यापासून एकटाच आहे. मुलगा, इंद्रजीत, पुण्याला. त्याला वाटतं, मी रक्तदाबाच्या गोळ्या घेतो.

श्रावणी : मग त्याला फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर.

हिंदुराव : बाळ, एक विचारू? पाय बरा झाला की भोंग्यावरनं माझं नाव वाचतो. सगळ्या गावाला सांगतो. मग तरी...

श्रावणी : नको. भोंगा नको. भोंग्याला कुणाला उलटून बोलता येत नाही. ज्यांची नावं वाचलीत त्यांच्या दारात जा, एकेकाच्या. तुमचं तुम्ही सांगा आणि मग गप उभे राहा. लोक बोलतील. बोलतील ते ऐकून घ्या.

हिंदुराव : एक्केचाळीस दारं.

श्रावणी : चाळीस. आमच्या दारात उभे आहातच. पण पहिलं इंद्रजीतदादाचं. लावा फोन.

प्रभा : मी ह्यांना रानातनं बोलावते. शेजाऱ्याची जीप हाय, ती घिऊन जात्याल सोलापूरला... असं काय बघती श्रावणे? राग हाय मला, लई राग हाय. पर माणूस काय ओट्यावर सडू द्यायचा?

(पावणेदोन महिन्यांनी. त्याच घरात, दुपारच्या जेवणाच्या सुमाराला.)

प्रभा : सांभाळून या. आत्ताच फरशी पुसलीया, कुबडी घसरंल. हितं खुर्चीवर बसा, पाय वर घ्या.

हिंदुराव : दोन बोटांवर भागलं, प्रभाबाई. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस गेले असते तर गुडघ्यापर्यंत जावं लागलं असतं. गोपाळनं त्या दिवशी एक शब्द न बोलता नेलं मला. जाताना नाही बोलला, येताना नाही बोलला. दवाखान्यात रात्रभर बाकड्यावर बसून राहिला मात्र.

प्रभा : अजून बी बोलायचे न्हाईत ते तुमच्याशी. मला इचारलं तर त्यात त्यांची चूक न्हाई.

हिंदुराव : नाहीच आहे.

प्रभा : किती दारं झाली?

हिंदुराव : चौतीस. इंद्रजीत पंधरा दिवस रजा टाकून आला, गाडीत घालून फिरवलं मला. तो बाहेर थांबायचा, मी आत. तिघांनी दारच उघडलं नाही. मल्लप्पानं आधी खुर्ची दिली, मग सगळ्या गिऱ्हाइकांपुढं तासभर झाडलं. म्हणाला, ‘गुरुजी, माझं नाव वाचलंत त्या दिवसापासून लोक म्हणत्यात, साखरेवाल्याच्या हातचा चहा पिऊ नका.’ आणि ईरम्मा... ईरम्माचं ऐकून मला जमिनीत गेल्यासारखं झालं. नातवाला तिच्या ताटात जेवू देत नव्हती सून. साखर उष्ट्यातनं लागते म्हणून. त्या म्हातारीचं वेगळं ताट काढून ठेवलेलं, वेगळा तांब्या. कुणी केलं हे?

प्रभा : तुमी काय केलं मग?

हिंदुराव : काय करणार? खाली बसलो, ईरम्माच्या ताटात भाकरी कुस्करली आणि तिच्याबरोबर जेवलो. सुनेला म्हटलं, मला पाच वर्षांपासून आहे. हा रोग उष्ट्यानं लागत नाही, शिवून लागत नाही. लागत असता तर माझ्या हाताखालनं शिकून गेलेलं निम्मं गाव आजारी असतं. सून रडायला लागली. ईरम्मानं मात्र मला मोजून चार शिव्या घातल्या, आणि म्हणाली, ‘आता समिती पुना बसवायची असंल तर तुज्या हाती न्हाई.’

प्रभा : तिनंच धरलीया म्हणं आता.

हिंदुराव : तिनंच. अध्यक्ष वगैरे काही नाही म्हणते, फक्त तिच्या ओसरीवर बसायचं. मागच्या गुरुवारी अकरा जण आले. आधी मल्लप्पा म्हणाला, माझी दोनशे ऐंशी होती. मग एकेक जण आपापलं सांगायला लागला. ज्याला नाही सांगायचं, त्यानं नाही सांगितलं. महेश्वरी घरोघरी जाते, आकडा ज्याचा त्याच्या हातात देते, दुसऱ्याला बोलत नाही. मी दाराजवळ बसतो. विचारलं तरच बोलतो.

प्रभा : आशिषचा फोन आला होता, कळलं का? आई-बाप तयार झालेत म्हणं. हिनं न्हाई म्हनलं. म्हणाली, ज्याला चार महिन्यांत एक वाक्य बोलता आलं न्हाई, तो उद्या माझ्यासाठी काय बोलंल. मी दोन दिस जेवले न्हाई. ती आपली रोज डबा घिऊन वैरागला.

हिंदुराव : श्रावणी कुठंय? तिला भेटायला म्हणून...

प्रभा : मळ्यातल्या वस्तीवर गेलीया, यील आता. गुरुजी, तुमाला एक सांगायचंय. ती यायच्या आत सांगते. कुनाला तरी सांगितल्याबिगर मला घास गिळंना.

हिंदुराव : सांगा ना.

प्रभा : त्या वस्तीवरची एक बाई परवा लेकीला घिऊन आली. नऊ वर्साची पोर, वैष्णवी नावाची. नुकतंच निगालंय तिला, आमच्या श्रावणीसारखंच. ती बाई भेदरून गेली होती पार. म्हणाली, भोंग्यावर तुमच्या पोरीचं नाव ऐकलं होतं, म्हणून हितं आले. दुसरं कोण दावणार सुई कशी टोचायची?

हिंदुराव : म्हणजे त्यातनं एवढं तरी...

श्रावणी : नका, गुरुजी. ते वाक्य पुरं करू नका.

हिंदुराव : आलीस होय तू. नाही, नाही करत. चुकलो.

श्रावणी : तिला महेश्वरीताईंनी पण माझ्याकडं पाठवलं असतं, मला विचारून. आई, तू सांगत होतीस ते सांग. थांबू नको. मला माहितीये तू काय सांगणार आहेस.

प्रभा : तुझ्यासमोर न्हाई सांगवत.

श्रावणी : मी ऐकलंय ते परवा. दाराच्या मागंच होते.

प्रभा : ठावं हाय मला. तू तवापास्नं माझ्याशी नीट बोलली न्हाईस... गुरुजी, हिनं त्या पोरीला सगळं दावलं. पोटाला चिमटा कसा घ्यायचा, सुई कुटं टोचायची. पोरगी हसली बी. आन् निगताना तिच्या आईनं मला बाजूला घेतलं. हळूच इचारलं, ‘मावशी, पै-पाव्हणं आलं घरात, तर पोरीनं सुई कुटं बसून घ्यायची?’ आन् माझ्या तोंडातनं पटकन निगालं, ‘मोरीत. दार लावायचं आन् नळ सोडायचा. म्हंजी कुनाला शंका येत न्हाई.’ इतक्या सहज बोलले मी. जशी भाजी कशी करायची ते सांगावं.

हिंदुराव : श्रावणी मोरीत घेते?

श्रावणी : बारा वर्षं. नुसते पाहुणे आले की नाही, रोजच. शेजारीण येईल, दूधवाला येईल. अकरा वर्षांची असताना मला वाटायचं, मोरीत घेतात म्हणजे हे काहीतरी घाण असणार. अंघोळ झाली नाही, धुतलं नाही तसं काहीतरी. मोठी झाल्यावर डोक्यानं कळलं, तसं नाही. पण नळाचा आवाज आला की अजून दाराची कडी लावली का ते बघते.

प्रभा : मी तुला कवा वंगाळ म्हनलं न्हाई गं. लगीन जमावं, लोकांनी बोलू नये, एवढंच...

श्रावणी : गुरुजींनी माझं नाव चोराचं नाव वाचावं तसं वाचलं, म्हणून तू त्यांना दारात येऊ देत नव्हतीस. आणि तू बारा वर्षं मला चोरासारखं लपवलंस. मला दोन्ही सारखंच लागलं, आई. तुझं जास्त. कारण ते रोजचं होतं.

प्रभा : व्हय.

हिंदुराव : मी निघतो. हे तुमचं घरातलं आहे.

प्रभा : बसा गुरुजी. तुमी कशाला जाताय? त्या दिवशी तुमी सांगत होता, बोट आपोआप खाली सरकलं, तवा मी मनात म्हनलं, काय माणूस हाय हा. माझं तर बोट बारा वर्सं सरकलेलंच हाय. मी काय तोंड घिऊन बोलू?

श्रावणी : रडू नको आता. मी आत्ता वस्तीवर तेवढ्यासाठीच जाऊन आले. वैष्णवीच्या आईला म्हटलं, मोरीत नको. जिथं जेवायला बसते तिथंच घेऊ दे.

प्रभा : काय म्हनली ती?

श्रावणी : म्हणाली, तुमच्या आई तर मोरीत म्हणाल्या.

प्रभा : मग तू काय म्हनलीस?

श्रावणी : म्हटलं, आईला विचारते. चल, वाढ जेवायला, एक वाजून गेला. मी सुई घेऊन येते.

प्रभा : कुटं निगालीस? हितंच घे.

श्रावणी : गुरुजी बसलेत.

प्रभा : बसू दे की. आन् बाहेर ओट्यावर सुताराची बायको टेकलीया दळणाला जाता जाता, ती बी बसू दे. सरक जरा खिडकीकडं. उजेडात बस.